अक्का आणि राहून गेलेला हीलियम

अक्कांच्या खोलीत गोड खायला मिळायचं ते चुकल्यावर. आपली चूक आपणच शोधून सांगितली की कपाटावरचा बेळगावी कुंद्याचा डबा खाली यायचा आणि चमचाभर कुंदा हातावर पडायचा. चूक दुसऱ्याने दाखवली तर नुसतं पाणी. "आणि लपवलं तर पाणी पण नाही," असं त्या वर बजावायच्या. बंगळुरातल्या त्या संशोधन संस्थेत त्यांच्या हाताखाली आम्ही चौघं पीएचडी करत होतो. त्यात मराठी मी एकटी, नागपूरची. डॉक्टर, मॅडम असं त्यांना कोणी म्हणत नसे. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का.

अक्का मूळच्या बेळगावच्या, राहायला चामराजपेटेत. बोलायच्या मराठी आणि कानडी, रागावल्या की दोन्ही एकदम. "स्वल्प थांब ग, एवढं कशाला पळतीस?" हे मला रोजचं. आता न पळून कसं चालेल? जे. पी. नगरच्या माझ्या पीजीतल्या आयटीवाल्या मुली दर दोन वर्षांनी नोकरी बदलत होत्या, आणि मी सहा वर्षं फुटलेल्या ताऱ्याच्या मलब्यातच बसलेली!

तारा फुटतो तेव्हा त्याचा मलबा भयंकर तापलेला असतो. पसरता पसरता तो निवतो, हे कोणीही सांगेल. पण त्यात धुळीचे कण जमावेत इतका तो निवतो कसा, हा अक्कांचा जन्माचा प्रश्न. कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू जुळून कार्बन मोनॉक्साइडचा रेणू होतो. तो थरथरतो आणि मलब्यातली उष्णता अवरक्त प्रकाशातून बाहेर घालवतो. "घरात उकडलं की खिडकी उघडतोय की नाही आपण? तसं हे पोरगं खिडकी उघडतंय," असं अक्का नव्या विद्यार्थ्याला सांगत.

कुठला रेणू कशाने बनतो नि कशाने तुटतो, याची लांबलचक यादी आम्ही संगणकाला देत असू. ती आधी दोघांनी मोठ्याने वाचायची, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने खुणा करायच्या, हा अक्कांचा दंडक. "मनात वाचलं की मन पुढं पळतंय," त्या म्हणायच्या. शेवटची यादी मी घाईत एकटीनेच वाचली, तीही मनात.

दिवाळीच्या सुमारास प्रबंध जवळजवळ तयार होता. परदेशातून नोकरीचं पत्रही आलं होतं. एका सकाळी बसमध्ये यादी चाळताना माझ्या लक्षात आलं: हीलियम राहिला होता. हीलियम कोणाशी जुळत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पण मलब्यातल्या किरणोत्सारामुळे त्याचा एक इलेक्ट्रॉन उडाला, की हाच गरीब वायू कार्बन मोनॉक्साइडला गाठून फोडून टाकतो. आधीच्या विद्यार्थ्यांनी मलब्याचे जे थर अभ्यासले त्यांत हीलियम नव्हताच, त्यांचं निभावलं. माझ्या थरात तो चांगला मिसळलेला होता. म्हणजे खिडकी बंद, मलबा गरम, आणि माझी तीन प्रकरणं पाण्यात.

मी गप्प बसले. बाप्पा, काय काय सबबी काढल्या मनाशी! एवढ्याने काय फरक पडतो, पुढच्या लेखात सुधारू, आधी पदवी तर पदरात पडू दे. अक्का बिचाऱ्या माझीच प्रकरणं तपासत होत्या आणि मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते. आज लाज वाटते.

संक्रांतीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी हातावर एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ ठेवला आणि मला एकदम रडूच फुटलं.

"अक्का, हीलियम राहिला."

"कधी कळलं?"

"दिवाळीत."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून बघितली.

"पण कोण बघणार आहे हो?" मीच पुढे म्हणाले. "परीक्षकांच्याही लक्षात येणार नाही."

"तू बघितलीस की," अक्का म्हणाल्या. "सरी, बरं तर. उद्यापासून परत करूया."

परत करायला सात महिने लागले. परदेशातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. जूनअखेर अक्का निवृत्त झाल्या, आणि मार्गदर्शक नोकरीत असलाच पाहिजे हा संस्थेचा नियम. तरी जुलैभर त्या फाटकावर पाहुण्यांचा पास काढून येत राहिल्या, मोठ्याने यादी वाचत राहिल्या. रेणू खरोखरच तुटत होते. तो थर आम्ही समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ तापलेला राहत होता. ऑगस्टमध्ये प्रबंध गेला. मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याच एका प्राध्यापकांचं नाव होतं. माणूस भला, पण कामासाठी मला भेटला तो जेमतेम तीनदा.

प्रत द्यायला मी चामराजपेटेत गेले. अक्कांनी मुखपृष्ठ बघितलंही नाही, थेट हीलियमचं पान काढलं. मला राहवेना.

"अक्का, मी दिवाळीतच बोलले असते तर मेअखेर काम संपलं असतं. इथे तुमचं नाव लागलं असतं."

"ठाऊक आहे की," मान वर न करता त्या म्हणाल्या. "संक्रांतीलाच मोजलं मी." मग चष्मा सारखा केला आणि पानावर बोट ठेवलं. "हा आलेख इथं असा का वाकतोय, ते सांग बघू."