चकचकीत चकत्या

पुण्याहून माल तपासायला येणाऱ्या पाहुण्याला दाखवायच्या कांस्याच्या चकत्या मी शिवाजी पेठेतल्या बफिंगवाल्याकडून चकचकीत करून आणल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पण चार लोकांसमोर ठेवायची वस्तू देखणी पाहिजे, हा आमच्या घराण्याचा जुना आजार. बफिंगवालाही खूष. "आरसा केलाय. हेच्यात बघून दाढी करा," म्हणाला. वाटेत मी खरंच एका चकतीत मिशा बघून घेतल्या.

कारखान्यात बायकोनं पिशवी उघडली आणि एक चकती उजेडाकडे धरून बघितली.

या चकत्या म्हणजे हवेची गाळणी. कांस्याची भुकटी साच्यात भरून भट्टीत तापवली की कण एकमेकांना चिकटतात, पण वितळत नाहीत. मधे बारीक वाटा राहतात, त्यांतून हवा गाळून जाते. धूळ अडली पाहिजे, हवा अडता कामा नये. लेथची कामं आटली तेव्हा ही भट्टी तिनंच हट्टानं घातलेली. आधीचे नमुने "हवा अडते" म्हणून पुण्याहून परत आले होते. हेही नापास झाले, तर भट्टी बंद करायची हे आमचं ठरलेलं.

तिनं एक चकती तपासणीला लावली. वाकवलेली काचेची नळी, आत रंगीत पाणी. चकतीतून हवा सोडायची. चकती जितकी अडवेल तितकं पाणी वर चढतं. कुठवर चढलेलं चालेल ती रेघ तिनं नेलपॉलिशनं ओढली होती. पाणी रेघ ओलांडून वर गेलं आणि थेट माझ्या शर्टावर आलं.

"घासून तोंडं बुजवली की हो सगळ्यांची!"

"अगं, वरवरच घासलंय..."

"मग हवा काय खालनं घुसती व्हय?"

नव्या करायला वेळ नव्हता. पाहुणा दुपारी यायचा होता. तिनं हातमोजे चढवले आणि तोंडांवर पसरलेला थर खाल्ला जावा म्हणून चकत्या पातळ ॲसिडात सोडल्या. लवकर काढल्या तर तोंडं बंदच, जास्त ठेवल्या तर कणच सुटणार. मी सारखा वाकून बघायचो, ती कोपरानं मागं ढकलायची. मग धुणं, मग वाळवणं. आत पाणी राहिलं तरी हवा अडतेच. म्हणून तिचं केस वाळवायचं मशीन धरून मी उभा. आरतीसारखं ओवाळत होतो, म्हणून सगळीकडे सारखी हवा लागली, हाच काय तो फायदा.

पाहुण्यानं स्वतःचं मीटर लावलं. काट्याकडं बघतच राहिला. मधेच चहाचा घोट घेतला.

"चालतंय," तो म्हणाला. "दिसायला जरा कळकट आहेत, एवढंच."

मी तोंड उघडलं. बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी मिटलं.

गाडी फाटकाबाहेर गेली, तशी ती खुर्चीत बसली, पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "घासायची एवढीच हौस असंल तर घरला चला. समई हाय, तांब्या हाय, घंगाळ हाय. त्यातनं हवा जायाची नसती."