गोऱ्यांचा रकाना

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सलीमचा फोन आला. "भाऊ, भाईजान उठंनात." शेवगावात आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक बोळ. मी पोचलो तेव्हा सलीमचे थोरले भाऊ, माझे मित्र रफिकभाई, गेलेले होते... वय बावन्न. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. मधुमेह जुना असला की छातीत दुखेलच असं नाही. दोन दिवस नुसता घाम येत होता, त्याला ते पित्त म्हणत होते.

रफिकभाई शिंपी. हातपाय सडपातळ, पोट तेवढं पुढे. मी बोललो की म्हणायचे, "शिंप्याला पोट लागतंच भाऊ, कापड टेकवायला." शुगर अकरा वर्षांची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नगरला जाऊन हृदय तपासून या म्हणून सांगितलं, तर आज-उद्या करत राहिले. मला आकड्यांचा नाद. इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एक तक्ता मोबाईलवर सापडला. वय, शुगर, रक्तदाब भरला की पुढच्या दहा वर्षांत झटक्याचा धोका किती, ते सांगणारा. त्यात वंशाचा एक रकाना होता. निवडायच्या यादीत गोरे सगळ्यात वर, भारतीय खाली. रफिकभाई उजळ होते. "आमी गोरेच हाय की! आरशाला इचारा." मी हसलो आणि 'गोरे' भरलं. आकडा कमी आला. तो त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतला, दुकानातल्या आरशाशेजारी चिकटवला, आणि नगरचा विषय संपला.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तेच आकडे पुन्हा भरले. बदलला फक्त एक रकाना, 'गोरे'च्या जागी 'भारतीय'... धोका बराच वर गेला. मधुमेह झाला की आपल्याकडच्या माणसाचं हृदय गोऱ्यांच्या मानाने लवकर धोक्यात येतं, अंगाने बारीक असला तरी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तपासणीने ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण ती राहिली, माझ्या कागदामुळे.

चार दिवस दुकानासमोरून गेलो नाही. पाचव्या दिवशी आत शिरलो. मशीनवर सलीम होता. सगळं सांगितलं. त्याचे पाय थांबले.

"मस्करीत भरलं?"

"हो."

"आन् नगरचं काढलं की त्यो कागद दाखवून भाईजान मलाच गप करायचे." त्याने उठून आरशाशेजारचा कागद टरकावला. मला वाटलं, आता जा म्हणेल. त्याने तुकडे चिंध्यांच्या ढिगात टाकले. मग म्हणाला, "मला बी सात वर्सं शुगर हाय, भाऊ."

"माहीत आहे."

"गाडी किती वाजता हाय नगरची?"

"सकाळी साडेसातला."

सलीमने शटर अर्धं ओढलं आणि भावाच्या खडूने त्यावर लिहिलं, 'उद्या दुकान बंद.' ईद सोडली तर रफिकभाईंनी तिथे हे शब्द कधी लिहिले नव्हते.