शनी रोज चार मिनिटं लवकर उगवतो

दुर्बीण मागायला आलेला माणूस पहिल्याच खेपेला ती घेऊन बाहेर पडला, असं मास्तरांच्या काउंटरवर तीस वर्षांत कधी झालं नाही. दुकान चष्म्यांचं. दोन्ही भिंतींना फ्रेमांची कपाटं, आणि अगदी मागे, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीला लागून, दुर्बिणींचं काउंटर. मास्तरांनी आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. पण गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत यांचं 'थांबा' बाहेर पडलेलं असे, म्हणून दुकानातले लोक त्यांना थांबामास्तर म्हणत, आणि पुढे नुसतं मास्तर.

"थांबा. ठेवणार कुठे?"

"गॅलरीत."

"गॅलरीसमोर काय आहे?"

"बिल्डिंग."

"मग बिल्डिंगच बघणार की. शेजाऱ्यांचा मार खाल."

गिऱ्हाईक खोक्यावरचं 'पाचशे पट मोठं' दाखवायला लागलं की मास्तर ते खोकं उलटं करून ठेवत. "आकड्यावर जाऊ नका. पाचशे पट मोठं केलेलं धुकं म्हणजे पाचशे पट धुकंच. भिंग किती रुंद आहे ते बघा, आणि स्टँड हलतो का ते बघा. झुळुकीनं थरथरणाऱ्या तिपाईवर चंद्रसुद्धा तापातल्या माणसासारखा कापतो." यानंतर ठरलेला सल्ला येई. आधी साधी बायनॉक्युलर न्या. तीन महिने आकाश पाठ करा. जे दिसेल ते वहीत काढा, वही घेऊन या, मग बोलू.

मालक वैतागायचे. "मास्तर, तुम्ही इथे गिऱ्हाईक आणायला उभे आहात की पळवायला?"

"विकलेला माल माळ्यावर जाऊ नये म्हणून उभा आहे."

यात खोटं काही नव्हतं. घाईनं घेतलेली दुर्बीण आठवड्याभरात कपाटावर चढते आणि नंतर घर बदलतानाच खाली उतरते. मास्तरांच्या दहांतले चार वही घेऊन परत येत, आणि ते चार जन्मभर आकाशाला धरून राहत. मास्तरांना याचा गर्व होता, आणि तो फुकाचा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं ते एका चांगल्या सल्ल्यामुळे झालं, आणि चांगल्या सल्ल्याला नावं ठेवणं कठीण असतं.

एका दुपारी दुकान रिकामं असताना एक साठीचे गृहस्थ आले. तळहाताच्या रेषांत काळं वंगण कायमचं मुरलेलं. कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, टर्नर. बगलेत मोठा पिवळा लिफाफा होता, तो त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला.

"शनीची कडी बघायची आहेत. कुठली लागेल?"

"थांबा. शनी असतो कुठे ते माहीत आहे?"

"आमच्या मागे असतो, एवढं माहीत आहे."

मास्तरांना हसू आलं. सहसा येत नसे. टर्नरांनी तोवर नमुन्याला लावलेल्या दुर्बिणीचा पाय एका बोटानं ढकलून पाहिला होता. "पायाच ढिला आहे हो. मशीनचा पाया हलला की हातातला जॉब वाया."

झालं! तीस वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली तो आला, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी खालचा खण उघडून जड स्टँड काढून दाखवला. भिंग पुसायचं नाही, फुंकायचंही नाही, हे सांगितलं. नळीवरची छोटी शोधक-दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून घ्यायची, अंधारात ते कधी जमत नाही, हे सांगितलं. सूर्याकडे चुकूनही लावायची नाही, एकदा बघाल आणि दुसऱ्यांदा बघायला डोळा उरणार नाही, हेही सांगितलं. अर्धा तास बोलले, आणि शेवटी म्हणाले, "पण आधी बायनॉक्युलर. तीन महिने."

"तीन महिने," टर्नर म्हणाले. नजर लिफाफ्यावर होती. "शनी आता दिसतो का?"

"दिसतो ना. संध्याकाळी, पश्चिमेला. पण तुम्हाला तो शोधता यायला हवा. कडी काही पळून जात नाहीत."

हा त्यांचा नेहमीचा विनोद होता. टर्नरांनी मान हलवली. "आमच्याकडे नवीन माणसाला सहा महिने नुसती कानस घासायला लावायचो मी. लेथला हात लावला की फटका."

"मग तुम्हाला काय सांगायचं!"

"नाही, बरोबर आहे तुमचं. शिस्त ती शिस्त." त्यांनी बायनॉक्युलर घेतली, लिफाफा उचलला आणि गेले.

महिन्यानं ते वही घेऊन हजर. अशी वही मास्तरांनी पाहिली नव्हती. टोकदार पेन्सिलीनं, पट्टी लावून, ताऱ्यांमधली अंतरं बाणांनी दाखवलेली, जणू आकाश कुणाला लेथवर बनवून घ्यायचं होतं. मास्तरांनी ती मालकांना नेऊन दाखवली. मालक म्हणाले, "छान. दुर्बीण घेतायत का?"

दुसऱ्या महिन्यात टर्नरांची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"व्यायाम सुरू केलात वाटतं?"

"जिना आहे ना. रोज गच्चीवर जायचं म्हणजे व्यायामच." मग त्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "शनी गायब आहे चार दिवस. बिल्डिंगच्या मागे गेला की काय?"

"सूर्याच्या मागे. आता महिनाभर कुणालाच दिसायचा नाही. मग पहाटे पूर्वेला उगवेल. तुम्हाला कुठे घाई आहे?"

"छे, घाई कसली."

तिसऱ्या महिन्यात वही घेऊन त्यांची बायको आली. कपडे अल्टर करून देणारी बाई, गळ्यात मापाची टेप तशीच. पिशवीतून वही काढून तिनं काउंटरवर ठेवली. "यांनी पाठवलंय. तीन महिने झाले म्हणतात. तपासा आणि दुर्बीण द्या."

"ते नाही आले, वहिनी?"

"जिना उतरवत नाही आता. लिव्हरचं आहे." ती हे कापडाचा पन्हा सांगावा तसं म्हणाली. "पहिल्यांदा तुमच्याकडे आले, त्याच दिवशी रिपोर्ट हातात पडला होता. हॉस्पिटलमधून घरी न येता सरळ तुमच्याकडे. संध्याकाळी मला म्हणतात, डॉक्टर चार महिने म्हणतो, दुकानदार तीन म्हणतो. बसतंय. एक महिन्याचा टॉलरन्स आहे."

मास्तरांच्या हातातली वही तशीच उघडी राहिली. "मला एका शब्दानं बोलायचं की हो!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, दुकानदारापुढे काय रडगाणं गायचं? शिकाऊ माणसानं शिकाऊसारखं राहावं."

मास्तरांनी मालकांना न विचारता दुकानातली सगळ्यात चांगली दुर्बीण उतरवली, जड स्टँडसकट, आणि तिच्याबरोबर टॅक्सीत बसले. तीस वर्षांत ते कुणाही गिऱ्हाइकाच्या घरी गेले नव्हते.

घर तिसऱ्या मजल्यावर. गच्चीचा जिना इतका अरुंद की वळणावर खुर्ची वळेना. माणसाला उचलून न्यायचा विषयच मिटला. पूर्वेला एक खिडकी होती, टर्नरांच्या खाटेशेजारी, आणि समोरच्या बिल्डिंगवर पाण्याची टाकी. मास्तरांनी होकायंत्र लावलं, कोन मोजला, कागदावर आकडे मांडले. शनी नुकताच सूर्याच्या मागून बाहेर आला होता. तो टाकीच्या वर येईपर्यंत उजाडून जाणार. रोज चार मिनिटं लवकर उगवत गेला की अकराव्या दिवशी तो टाकीच्या वर, अंधारात, स्वच्छ दिसेल.

"रोज चार मिनिटं?" टर्नर उशीवरून म्हणाले. चेहरा हळदीसारखा झाला होता, आवाज मात्र तोच. "याचा पुढे सरकायचा फीड फारच कमी आहे हो. वाढवता येत नाही?"

"माझ्या हातात असतं तर..."

"मशीन जुनं आहे, मास्तर. त्याच्या चालीनं चालू द्या."

अकरा दिवस. डॉक्टर आता दिवसांबद्दल काहीच बोलत नव्हता, यावरून काय ते तिघांनाही कळत होतं.

मास्तर रोज पहाटे पाचला जायला लागले. खिडकीतून दुर्बीण लावायची नाही, खोलीतली ऊब बाहेर जाताना चित्र हलवते, हे त्यांनी हजार लोकांना बजावलं होतं. आता तीच खिडकी त्यांनी रात्रभर उघडी ठेवायला लावली, म्हणजे खोली बाहेरच्याइतकी गार होईल. टर्नर तीन चादरींत गुंडाळलेले, दात वाजत, पण खिडकी लावू देईनात. घरी मास्तरांची थोरली बहीण म्हणाली, "बायकोच्या आजारपणात इतक्या लवकर उठला नाहीस कधी. आता कुठला दूधवाला झालास?" बायकोच्या आजारपणात ते खरंच उठले नव्हते.

सातव्या दिवशी टाकी आणि तिच्या पाइपाच्या मधल्या फटीत शनी पाच-सहा मिनिटं सापडला. मास्तरांनी घाईनं दुर्बीण रोखली. वहिनींनी पाठीमागे बसून नवऱ्याला ताठ बसतं करून आपल्या खांद्यावर टेकवलं.

"डोळा दाबू नका. नुसता जवळ आणा. श्वास बाजूला सोडा."

टर्नर बराच वेळ बघत राहिले. खोलीत त्यांच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"लांबट आहे. अंड्यासारखं."

"आणखी?"

"हलतंय. कडी कुठायत?"

मास्तरांनी डोळा लावला. शनी समोरच्या छपरालगत होता आणि छपराची ऊब त्याच्यावरून वाहत होती. वाहत्या पाण्याच्या तळाशी खडा दिसावा तसा तो दिसत होता. कडी आणि गोळा एकमेकांत मिसळलेले. "आज हवा वाईट आहे. चार दिवस थांबलं ना, की तो वर..."

टर्नरांना हसू फुटलं आणि हसण्यातून खोकला. "तुमची सवय काही जायची नाही, मास्तर."

"हसू नका हो," वहिनी म्हणाल्या, "धाप लागते."

खोकला थांबल्यावर त्यांनी वही मागितली. एक अंडं काढलं, पट्टी न लावता. खाली तारीख टाकली आणि लिहिलं, 'कडी नाहीत.'

दुसऱ्या दिवशी ढग होते. त्याच्या पुढच्या दिवशीही. दहाव्या दिवशी मास्तर जिना चढून गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईनं दार किलकिलं करून सांगितलं, रात्री हॉस्पिटलात नेलं होतं, आत्ताच फोन आला, गेले.

अकराव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं आणि हवा अगदी निवांत. मास्तर त्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणातून उठले नाहीत.

महिन्याभरानं वहिनी दुर्बीण परत घेऊन आल्या, नळी चादरीत बांधलेली. मास्तरांनी काउंटरवर चादरीची गाठ सोडली. भिंगावर बोटाचा एकही ठसा नव्हता.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "खरं सांगा. त्या पहिल्या दिवशी तुम्ही ही दिली असती, तर दिसली असती का कडी?"

सुटायला वाटा पुष्कळ होत्या. नवख्या माणसाला शनी सापडत नाही. स्टँड जुळवता येत नाही. शंभरांतले नव्वद पहिल्या रात्री काहीच न बघता झोपतात. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि बाईला आकाशातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिनं मान डोलावली असती आणि गेली असती.

"दिसली असती," मास्तर म्हणाले. "त्याच संध्याकाळी. तेव्हा ते गच्चीवर चढत होते. मी बरोबर येऊन लावून दिली असती, तर पाच मिनिटांत."

वहिनींनी काउंटरच्या काचेवर हात ठेवला. आतल्या खोलीत कुणी तरी अक्षरांच्या ओळी मोठ्यानं वाचत होतं.

"मला वाटलंच होतं. त्यांना नव्हतं वाटत. शेवटपर्यंत म्हणत होते, मास्तरांनी रीतसर शिकवलं."

"वहिनी, मी..."

"नको. काही बोलू नका." त्यांनी चादर ओढून घेतली, हनुवटीखाली धरून तिची घडी घातली, पिशवीत कोंबली. दाराशी एक माणूस आरशासमोर फ्रेम लावून बघत वाट अडवून उभा होता. "सरका जरा," त्या त्याला म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.