फुलबाजाराची सुट्टी

अर्जदार श्री. सावळीराम ऊर्फ अण्णा विधाते, वय बावन्न, धंदा फुलशेती, राहणार इंदिरानगरच्या मागचा मळा, स्वभाव चिकाटीचा (बाजार समितीच्या भाषेत : उपद्रवी), विनंती करतात की, अकरा एप्रिल या महात्मा जोतिबा फुले जयंतीस फुलबाजाराला अधिकृत सुट्टी असावी.

हा अर्ज १९९१ पासून दर साली जाई आणि समिती त्याचा दर साली सहानुभूतीपूर्वक विचार करी. अण्णांचं म्हणणं साधं होतं. ज्यांच्या घराण्याचं नावच फुलांवरून पडलं, ज्यांनी पोरींना शाळा दिली आणि घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, त्यांच्यासाठी फुलवाल्यांनी एक दिवस धंदा बंद ठेवू नये?

"अण्णा, एप्रिलात लग्नसराई," सभापती म्हणत.

"मग महात्म्यानं पंचांग बघून जन्माला यायचं?"

१९९९ साली समितीची निवडणूक तोंडावर आली आणि ठराव एकमताने झाला. अण्णा सत्काराची शाल पांघरूनच मळ्यात गेले.

त्यांच्या पत्नी लंकाबाई मोगरा खुडत होत्या. "ठराव ह्या मोगऱ्याला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी फुलायचा नाय मग."

जयंतीला बाजाराच्या फाटकाला कुलूप लागलं. पुढ्यात टेबल, टेबलावर तसबीर, शेजारी कर्णा, खुर्च्यांवर पुढारी. हार तेवढा नव्हता. सभापतींना वाटलं अण्णा आणतील. अण्णांना वाटलं, फुलबाजारात कोणी घरून हार आणतं का?

अण्णांनी लुना मळ्याकडे पिटाळली. मोगरा खुडलेला, पाट्या गायब. लंकाबाई पहिल्या बसनं देवळाली कॅम्पला फुलं विकायला गेलेल्या. अण्णा तिथं पोहोचले, तेव्हा त्यांच्यापुढे शेवटचा हार उरला होता.

"अगं, दे तो. तसबीर उघडी हाय."

"आज सुट्टी ना तुमची?"

"जोतिबांसाठीच घेतली ना सुट्टी!"

"त्यांनी कधी घेतली व्हती का?" असं म्हणून लंकाबाईंनी हार पुडीत बांधून दिला.

अण्णा परतले तर खुर्च्या उचललेल्या, पुढारी जेवायला गेलेले. तसबिरीला हार घालून ते बराच वेळ कुलपाकडे बघत उभे राहिले. पुढच्या जयंतीला चावी समितीकडून मागून आणून फाटक त्यांनीच उघडलं आणि पहिली पाटी उतरवली.

ठराव कोणी रद्द केला नाही. अकरा एप्रिलला फुलबाजाराला अधिकृत सुट्टी असते. त्या दिवशी बाजार भरतो.