नाटकाचं आवतण

माझा स्वभाव मुळातच संशयी. कुणी गोड बोललं की मी आधी त्यामागचं कारण शोधते. इंग्लंडला शिकायला गेले तेव्हा हा स्वभावही बरोबर आला. वसतिगृहातल्या आम्हा सहा मराठी मुलींना एका शनिवारी दुपारच्या नाटकाला न्यायचं मी अंगावर घेतलं, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकीच्या 'हो'कडे तिरक्या नजरेनं बघत राहिले.

चौघी पुण्याच्या, पाचवी नंदुरबारची आणि मी जवळच्याच प्रकाशा गावची. नंदुरबारवालीच्या वडिलांचं मिरचीबाजाराजवळ शिवणकामाचं दुकान. घरात उर्दू, दाराबाहेर अहिराणी. त्या परक्या मुलखात माझ्याशी अहिराणी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. ती नसती तर पहिल्याच महिन्यात मी बॅग भरली असती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं बोलायला लागलो की पुणेकरणी म्हणायच्या, "किती गोड भाषा आहे गं!" त्या 'गोड'चाही मला संशय यायचा.

नाटकाचा निरोप मी आठवडाभर आधी ग्रुपवर टाकला. नंदुरबारवालीनं समोर येऊन होकार दिला, "येसू ना!"

शनिवारी चौघी वेळेवर खाली जमल्या, हिचा पत्ता नाही. छत्री आणायच्या निमित्तानं मी परत वर गेले. तिच्या दाराखालून उजेड दिसत होता आणि आत बांगड्या वाजत होत्या. म्हणजे खोलीत आहे, तयार आहे, तरी बाहेर येत नाही! नक्की कुणीतरी कान भरले असणार. की आमच्यात बसायला बाईसाहेबांना कमीपणा वाटतो? यायचं तर येईल, मी काय पायघड्या घालू? दार न वाजवता मी तणतणत जिना उतरले.

नाटकात माझं लक्ष नव्हतं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी मी मनातल्या मनात दोन तास भांडले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भेटली. नवा ड्रेस अजून अंगावरच. मी फटकन विचारलं, "का वं, का बरं उनी नही?"

"बलाव्हाले कोणीच उनं नही," ती म्हणाली. "मी तयार व्हईसन बठेल व्हतू."

आमच्याकडे लग्नाचं आवतण चार दिवस आधी येतं, पण ऐन पंगतीच्या वेळी कुणीतरी दाराशी येऊन 'चला' म्हटल्याशिवाय कोणी चप्पल पायात घालत नाही. बिनबोलावता गेलं तर हावरट म्हणतात. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, आणि मीच ग्रुपवर चार ओळी टाकून मोकळी झाले होते.

"तुन्हा पाय वाजनात," ती म्हणाली, "मी उठनू बी. तू निंघी गयी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पुणानी पोरीस्मा तुले मी नको व्हतू, नही?"

खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण जिना उतरताना रागाच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं होतं. आज थिएटरात, त्या चौघींसमोर, माझ्याशी कुणी मोठ्यानं अहिराणी बोलणार नव्हतं.

"तसं काही नाही गं," मी म्हणाले.

इतक्या दिवसांत मी तिच्याशी पहिल्यांदाच पुस्तकी मराठीत बोलले होते. तिनं मान हलवली, आणि तीही मराठीतच म्हणाली, "बरं."