लेकीच्या दमणीतला वार्निशचा वास

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज माझी फजिती लिहितो.

लेकीला बाळंतपणासाठी चांदूर बाजारहून अमरावतीला आणायचं होतं. तिला वाटेत आडवं होता यावं म्हणून घरच्या दमणीवर, म्हणजे आमच्या छोट्या बैलगाडीवर, चहाच्या खोक्यांच्या फळ्यांची छोटी खोलीच बांधली. सांध्यांना सरस लावला, वरून वार्निश. वास काही जाईना.

शेजारचे पिंजारी करीमचाचा म्हणाले, "कापूस ठिवा अंदर, मास्तर. सारा वास वढून घेते तो."

आपण कापसाच्या मुलखातली माणसं, पटलंच. नवी गादी आत घातली आणि दारं घट्ट लावून ठेवली.

कापसानं वास ओढला, हे खरं. आज लेक त्याच गादीवर आडवी झाली आणि चांदूर बाजारच्या वेशीपाशीच ओकली.

"बाबा, मले बाहीर बसू द्या."

गादी गुंडाळली, दारं उघडली, कडुनिंबाचा पाला पसरला. उपयोग शून्य. रस्ताभर ती पुढे धुरेवर, हाकणाऱ्याच्या जागी, माझ्याशेजारी उन्हात बसली, पोटावर हात धरून. माझ्या एका हातात कासरा, दुसऱ्यात तिच्यावर धरलेली छत्री. मागे खोली रिकामीच.

वास घालवायचा उपाय कोणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. तिला परत पोचवायचं आहे, आणि तेव्हा उन्हात बसायला दोघं असतील.