मलावीतला बी-शिफ्टचा भोंगा

आता हसणार नसाल तर सांगतो. मी एकदा दुर्गजवळच्या मरोद्यातल्या माह्याच क्वार्टरात बसून पुरे अडीच आठवडे आफ्रिकेत सुवार्ताकार्य केलं आहे. बरोबर ऐकलं तुम्ही! कप खाली ठेवा, नाही तर चहा सांडन.

झालं असं, स्टील प्लांटातून रिटायर झालो अन् मिशनचं पत्र आलं. मलावी नावाच्या देशात त्याईची शाळा आहे. तिथं पोरायले वेल्डिंग शिकवाचं, सोबत सुवार्ता सांगाची. दोन वर्षं. अरे, माहा तर जनम गेला वेल्डिंगमध्ये! मी लगेच हो म्हंतलं. मिशनवाल्यानं फोनवर दोनदा बजावलं, "शांतवनभाऊ, व्हिसा हातात आल्याशिवाय निघू नका."

व्हिसा येईनच ना, जाते कुठं! पण आमच्या चर्चच्या मराठी मंडळीचा हंगामाचा सण त्याच रविवारी होता. राजनांदगावपासून माणसं येतात. निरोपाले एवढी गर्दी मले पुन्हा कधी भेटणार होती? पाळकसाहेबाच्या मागं लागून त्याच दिवशी निरोप ठेवला.

अन् साक्ष काय दिली म्हणता! छाती काढून म्हंतलं, "मंडळी, आता दोन वर्षं हे तोंड तुमाले दिसणार नाही!" बायका रडल्या. हार पडले. महिला मंडळानं हातानं विणलेलं लोकरीचं स्वेटर दिलं. आफ्रिकेत घालाले! मी ते घालून, घामानं थबथबून फोटो काढला. माही बायको सुमती मागच्या बाकावरून गुपचूप पाहत होती.

मंगळवारी सगळ्याईनं दुर्ग स्टेशनवर गाणी म्हणत मले गाडीत बसवलं. नागपूर यायच्या आत मिशनचा फोन. व्हिसा अडकला, महिनाभर लागन, घरी जा.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसानं सरळ सांगून द्यावं. मंग कावून नाही सांगतलं? अरे, चाळीस वर्षं मंडळीत इज्जत कमावली होती! दोन दिवसांत तेच तोंड घेऊन कसा उभा राहू? दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कॉलनी झोपली असताना, तोंडाले दुपट्टा बांधून मागच्या दारानं घरात शिरलो.

सुमतीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय?"

"महिनाभराची गोष्ट आहे. कोणाले सांगू नको."

"मी खोटं बोलणार नाही."

"मंग नको बोलू. कोणी विचारलं तर म्हण, प्रभूच्या कामात आहेत."

"अस्सं?" तिनं माह्यापुढं सूप सरकवलं. "मंग हा लसूण सोला."

संध्याकाळी याकोबभाऊचा फोन आला. हे आमचे शेजारी, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. भिंतीले भिंत लागून घर. "पोचले का हो, शांतवनभाऊ?"

तोंडातून निघून गेलं, "पोचलो."

एक खोटं बोललं की त्याले पिल्लं होतात पाहा. "गर्मी कशी आहे?" लय आहे म्हंतलं. तेवढं खरं होतं, आवाज बाहेर जाईन म्हणून मी कूलर लावतच नव्हतो. "शेर-बिर दिसला?" म्हंतलं, एक दिसला. "खायाले काय देतात?" स्वयंपाकघरातून वास येऊन राहिला होता. म्हंतलं, "वांग्याची भाजी. इकडं पण भेटते."

रविवारी म्हणे पाळकसाहेबानं माहा शेर पुलपिटवरून सांगतला. पुढच्या रविवारी शेराचे तीन झाले होते. मी तर एकच म्हंतला होता!

मंग मंडळीले सुमतीची दया आली. आमच्यात घरप्रार्थना पाळीपाळीनं होते, आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी. "शांतवनभाऊ तिकडं शेरात, बाई इथं एकटी," म्हणून या वेळची पाळी कोणाची लागली? माह्याच घरची! शनिवारी, दुपारी एक वाजता.

तीस माणसं बैठकीत. मी मागच्या खोलीत, कडी लावून, बनियान-लुंगीवर, मांडीत लसणाचं सूप. गाणं झालं, वचन झालं. अन् पाळकसाहेब म्हणाले, "याकोबभाऊ, लावा त्याईले फोन. सगळे ऐकतील."

फोन नाही उचलला तर म्हणतील शेरानं खाल्लं. उचलला. हळूच म्हंतलं, "मंडळी, सलाम. इथं लय अंधार आहे."

"देवा!" बाहेर कोणी बाई हळहळली. मले जोर चढला. मी सांगत सुटलो, नदी सांगतली, जंगल सांगतलं. अन् कोंबडं खिडकीत येऊन ओरडावं तसा तेवढ्यात प्लांटचा बी-शिफ्टचा, दोनचा भोंगा वाजला!

खिडकीतून वाजला. याकोबभाऊच्या हातातल्या फोनमधूनही वाजला.

 जनम रेल्वेत शिटी ऐकण्यात गेलेला माणूस तो! शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, मलावीत पण दोनलेच बी-शिफ्ट लागते का हो?"

आता काय करता? कडी काढली अन् बाहेर आलो. लुंगीले लसणाची टरफलं चिकटलेली. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती, डोळ्यात पाणीच आलं. सगळ्याईची माफी मागतली. पाळकसाहेबानं खुर्ची सरकवली. "बसा भाऊ. प्रवास बरा झाला?"

सुमती म्हणाली, "मी चहा ठेवतो सगळ्याईले."

तीन आठवड्यांनी व्हिसा आला, खरोखरचा. मी एकटा आटोत बसून दुर्गले गेलो. ना हार, ना गाणं. मलावीत पुरे दोन वर्षं काढली, शंभरेक पोरायले वेल्डिंग शिकवलं. तिथून व्हिडिओवर फोन लावला की याकोबभाऊ म्हणत, "थांबा, दोन वाजू द्या, मंग बोलू."

परत आलो. केस पिकले, दहा किलो उतरलो. मंडळीसमोर साक्ष दिली, एक शब्द खोटा नाही, शेर तर एकही सांगतला नाही. पासपोर्टवरचे शिक्के सगळ्याईच्या हातात फिरवले.

उपासना संपल्यावर याकोबभाऊ जवळ आले. पासपोर्ट परत दिला, खांद्यावर हात ठेवला अन् मायेनं कानात म्हणाले, "भाऊ, आता तर आपल्यातच आहे. खरं सांगा, दोन वर्षं इथंच बाजूले, जामुलले होता का स्मृति नगरले?"